एचआयव्ही उपचारांवरचे ऑनलाइन सीएमई: मुंबईतल्या डॉक्टरांनी अर्ज कसा करावा आणि पॉइंट्स कुठे अडकतात

सीएमईचं, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाचं, सर्टिफिकेट ईमेलवर आलं म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या, म्हणजे एमएमसीच्या खात्यात पॉइंट्स पडले, असं बरेच डॉक्टर धरून चालतात. तसं होतंच असं नाही. पाच वर्षांनी नोंदणीच्या रिन्यूअलला बसल्यावर बेरीज कमी भरते आणि मग जुने ईमेल धुंडाळणं सुरू होतं. एचआयव्हीच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो, कारण या विषयावरचं ऑनलाइन शिक्षण तीन वेगवेगळ्या वाटांनी मिळतं. प्रत्येक वाटेची पात्रता वेगळी, कागद वेगळे, आणि पॉइंट्सचा हिशेबही वेगळा.

नियम आधी बघू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तासांचं सीएमई सांगितलं आहे, आणि महाराष्ट्रात रिन्यूअलसाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट्स लागतात. वर्षाला सरासरी सहा. शेवटच्या वर्षात ३० गोळा करता येतात, पण मग समोर येईल त्या विषयाचा वेबिनार घ्यावा लागतो आणि एचआयव्ही बाजूलाच राहतो.

कोण कुठे अर्ज करू शकतो

पहिली वाट म्हणजे वैद्यकीय संघटना, मेडिकल कॉलेजं आणि मोठी रुग्णालयं घेतात ते वेबिनार. एमएमसीची नोंदणी चालू असलेला कोणताही डॉक्टर इथे स्वतः नाव नोंदवू शकतो. गिरगावातला जीपी असो की मुलुंडचा चेस्ट फिजिशियन, कुणाच्या शिफारशीची गरज नाही.

दुसरी वाट सरकारी, नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रशिक्षणाची. ही प्रामुख्याने एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रांच्या, मेडिकल ऑफिसरांसाठी आणि कार्यक्रमात काम करणाऱ्यांसाठी असते. इथे स्वतःहून अर्ज करून काही हाती लागत नाही. सेंटरच्या नोडल ऑफिसरने नाव पाठवायचं आणि राज्य किंवा जिल्हा संस्थेने ते पुढे न्यायचं, असा क्रम आहे. मुंबईत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेकडे, म्हणजे एमडॅक्सकडे येतात. ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार राज्य संस्थेकडे, एमसॅक्सकडे. दोन्ही कार्यालयं वडाळ्याच्या ॲकवर्थ संकुलातच असल्यामुळे पत्रं हमखास चुकीच्या टेबलावर जातात. दहिसरच्या सेंटरचं पत्र एमडॅक्सला, चेकनाक्यापलीकडच्या मीरा रोडचं एमसॅक्सला. पत्रावर पत्ता घालण्याआधी एवढं तपासून घ्या.

तिसरी वाट परदेशी विद्यापीठांच्या मोफत अभ्यासक्रमांची. वॉशिंग्टन विद्यापीठाचा 'नॅशनल एचआयव्ही करिक्युलम' हे त्यातलं ठळक उदाहरण. मोफत खातं उघडायचं, सहा मॉड्यूल्समधले धडे आपल्या सोयीने वाचायचे, प्रश्न सोडवायचे. अमेरिकन क्रेडिट मिळतं. ते एमएमसीच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. शिकण्यासाठी हा अभ्यासक्रम उत्तमच आहे. त्यावर रिन्यूअलची मदार मात्र ठेवू नका.

आयुष पदवीधर, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्या परिषदा वेगळ्या. एमएमसीचे पॉइंट्स त्यांच्या उपयोगाचे नाहीत. आपापल्या परिषदेची मान्यता त्या कार्यक्रमाला आहे का, हे आयोजकांना आधी विचारलेलं बरं. एमबीबीएस नसलेल्यांना वेबिनार ऐकायला सहसा कुणी अडवत नाही.

नाव नोंदवण्याआधी ब्रोशर वाचा

ब्रोशरच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'क्रेडिट पॉइंट्स मंजूर' किंवा 'क्रेडिट पॉइंट्ससाठी अर्ज केला आहे' यांपैकी काहीतरी छापलेलं असतं. 'अर्ज केला आहे' म्हणजे अजून हातात काही नाही. असं दिसलं तर आयोजकांना ईमेल करून मंजुरी आली का ते विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर 'हो हो, मिळतील' म्हणतात, पण त्याचा पुढे पुरावा राहत नाही. मंजूर कार्यक्रमाच्या ब्रोशरवर बहुधा एमएमसी ऑब्झर्व्हरचं, म्हणजे परिषदेच्या निरीक्षकाचं, नावही असतं. ते नसेल तर विचारण्यात संकोच नको.

मग विषयपत्रिका पाहा. औषध कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या कार्यक्रमांत नव्या, महागड्या गोळ्यांवर दोन व्याख्यानं असतात आणि टीबीला शेवटची दहा मिनिटं. आपल्या ओपीडीत त्याच्या नेमकं उलट चित्र असतं. मुंबईत एचआयव्ही बघणाऱ्याला जे रोज लागतं ते असं: टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅमची एकच गोळी, टीबीवरचं रिफॅम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्रॅव्हिरचा ५० मिलिग्रॅमचा आणखी एक डोस १२ तासांच्या अंतराने, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत, कॅल्शियम, लोह, अँटासिड घेणाऱ्याला डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. सुई टोचलेल्या परिचारिकेला ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठीची औषधं, आणि पुढे २८ दिवस. हे ज्या कार्यक्रमात केसेससकट शिकवतात तो आधी धरा.

अमेरिकन अभ्यासक्रमात उपचार सुरू करण्यापूर्वी सगळ्यांची रेझिस्टन्स टेस्ट, म्हणजे विषाणू औषधांना दाद देतो का याची तपासणी, करा असं सांगितलेलं असतं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुरुवातीला ती सरसकट होत नाही. तिथली दोन औषधांची, डोल्युटेग्रॅव्हिर-लॅमिव्ह्युडिनची गोळी हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला चालत नाही, आणि आपल्याकडे एचबीएसएजीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात नसताना तशी चिठ्ठी लिहिण्याचा मोह होऊ शकतो. परदेशी धडा वाचताना शेजारी नॅकोची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं उघडी ठेवा.

कागदपत्रं

संघटनांच्या वेबिनारला अपलोड करायला फारसं काही लागत नाही, पण तपशील तंतोतंत लागतो. एमएमसी नोंदणी क्रमांक सर्टिफिकेटवर आहे तसाच लिहा. नवे क्रमांक २००५/०४/१२३४ अशा धाटणीचे, म्हणजे वर्ष, महिना आणि क्रमांक. जुन्या डॉक्टरांचे नुसतेच आकडे. फॉर्म तिरकी रेघ घेत नाही म्हणून कुणी सगळे आकडे सलग लिहितो, कुणी फक्त शेवटचा भाग. पॉइंट्स हरवायला एवढं पुरतं. फॉर्म अडवत असेल तर आयोजकांना पूर्ण क्रमांक ईमेलने वेगळा कळवा.

नाव एमएमसीच्या नोंदीप्रमाणे हवं, आधी आडनाव असेल तर तसंच. लग्नानंतर आडनाव बदलूनही परिषदेकडे माहेरचंच राहिलेल्या डॉक्टर भरपूर आहेत. नाव बदलून घेईपर्यंत फॉर्मवर जुनंच लिहावं. परिषदेकडचा मोबाइल नंबर आणि ईमेल चालू आहे का तेही पाहून घ्या. हाउसमन असतानाचा नंबर कधीच बंद पडलेला असतो.

सरकारी प्रशिक्षणासाठी नोडल ऑफिसरच्या सहीचं पत्र, एमबीबीएस किंवा एमडीचं प्रमाणपत्र, चालू नोंदणीची प्रत, नेमणुकीचा आदेश आणि फोटो ओळखपत्र एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. मुदत संपलेली नोंदणी जोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पत्रात सेंटरमध्ये कधीपासून काम करता ते आणि आधी झालेल्या प्रशिक्षणाचं नाव लिहिलेलं असलं की नवं की रिफ्रेशर, हा प्रश्न उरत नाही.

प्रत्यक्ष वेबिनारच्या वेळी

हजेरी लॉगवरून मोजतात. लॉगमध्ये तुमचं नाव 'आयफोन' किंवा 'रेडमी नोट' असं पडलं तर ते तुम्ही, हे कुणाला कळणार? आत जातानाच पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असून एकाच लॅपटॉपवर बसले तर लॉगमध्ये हजेरी एकाचीच लागते, दोन लॉगिन लागतात. लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकणाऱ्यांची हजेरी तुकड्यातुकड्यांत होते. गाडीत नेटवर्क जातं, सिस्टीम बाहेर काढते आणि मधल्या पोलचं उत्तर द्यायचं राहतं. किती वेळ उपस्थिती हवी हे आयोजकांनी सांगितलेलं असतं, ते आधीच वाचा. शेवटची पोस्ट-टेस्ट आणि फीडबॅकची लिंक बऱ्याचदा त्याच रात्री बंद होते, म्हणून आभारप्रदर्शनाच्या आधी उठू नका. रेकॉर्डिंग नंतर बघितलं तर ज्ञान मिळतं, पॉइंट्स मिळतील असं गृहीत धरू नका.

परदेशी थेट सत्रांची वेळ आपल्या वेळेत नीट बदलून घ्या. न्यूयॉर्कची दुपारी बाराची वेळ उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं सरकतात तेव्हा नेहमीच्या वेळेला बसलेले लोक हमखास चुकतात.

केस मांडणार असाल तर

टेलिमेंटॉरिंगच्या सत्रात, जिथे आपण आपला अवघड रुग्ण मांडतो आणि तज्ज्ञ उत्तर देतात, तिथे जितकं शिकायला मिळतं तितकं एकतर्फी व्याख्यानात मिळत नाही. केस फॉर्म मात्र नीट भरलेला हवा. वय, लिंग, वजन, निदानाचं वर्ष, आतापर्यंतची प्रत्येक रेजिमेन (औषधांचा संच), कधी सुरू, कधी आणि का बदलली, पहिला आणि शेवटचा सीडी४ (प्रतिकारपेशींची संख्या), तारखांसह व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, एचबीएसएजी, हिपॅटायटिस सी, टीबीचा इतिहास, सध्या चालू असलेली सगळी औषधं, मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या अँटासिडसकट. शेवटी प्रश्न एकाच ओळीत. 'पुढे काय करावं' हा प्रश्न नव्हे. 'टीएलडीवर एक वर्ष, गोळ्या नियमित, व्हायरल लोड तरीही हजारच्या वर. आता रेझिस्टन्स टेस्ट पाठवावी का' हा प्रश्न.

'फेल्युअर', म्हणजे उपचार लागू पडत नाही, म्हणून मांडलेल्या केसेसमध्ये व्हायरल लोडची तारीख नसणं हा नेहमीचा दोष. गोळ्या महिनाभर चुकल्या होत्या तेव्हाचा लोड आणि त्या पुन्हा नियमित झाल्यानंतरचा लोड यांचा अर्थ एक नसतो, आणि तारखेशिवाय तज्ज्ञ फक्त अंदाज बांधू शकतात.

गोपनीयतेत हलगर्जीपणा चालत नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ८ नुसार रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही. नाव काढलं की काम झालं, असं नाही. लॅब रिपोर्टच्या फोटोवरचा एआरटी क्रमांक आणि बारकोड, एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव, स्क्रीन शेअर करताना वर दिसणारं रुग्णाच्या नावाचं फाइलनेम, जन्मतारीख, हे सगळं तपासा. व्यवसाय आणि परिसर एकत्र लिहिणंही धोक्याचं. एखाद्या वस्तीचं नाव आणि तिथल्या शाळेतली शिक्षिका एवढं लिहिलं तरी सत्रातल्या कुणाला तरी ती ओळखू येते. 'शिक्षिका, मुंबई उपनगर' पुरेसं आहे, आणि व्यवसायाचा उपचाराशी संबंध नसेल तर तोही नको.

पॉइंट्स दिसले नाहीत तर

वेबिनारनंतर दोन-तीन आठवड्यांनी एमएमसीच्या खात्यात लॉगिन करून नोंद पाहा. नसेल तर आधी आयोजकांना लिहा, परिषदेला नको, कारण हजेरीची यादी आयोजकच पाठवतात. ईमेलमध्ये कार्यक्रमाचं नाव, तारीख, पूर्ण नोंदणी क्रमांक आणि नोंदीतलं नाव लिहा. सोबत सर्टिफिकेट, नोंदणीचा कन्फर्मेशन मेल आणि पोस्ट-टेस्ट सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट जोडा. आयोजकांनी यादी पाठवल्याचं लेखी सांगूनही नोंद नसेल, तर तोच सगळा पत्रव्यवहार घेऊन परिषदेकडे जा. रिन्यूअलच्या महिन्यात हे सुरू करू नका. आयोजक संस्थेचे सचिव दरम्यान बदललेले असतात, आणि नव्या सचिवाकडे जुन्या याद्या सापडतातच असं नाही.