खांबावरचं वायफाय टपरीवर कसं आलं

भुसावळ जंक्शनला गाडी लेट असली की अख्खा प्लॅटफॉर्म मोबाईल काढून बसतो. रेलटेलचं, म्हणजे रेल्वेच्याच इंटरनेट कंपनीचं, वायफाय लावायचं तर आधी नंबर टाका, मग ओटीपी, मग अर्धा तास फुकट, आणि ओटीपीच्या मेसेजलाच रेंज नसली तर बसा बोंबलत. या ओटीपीच्या भानगडीचं मूळ २००८ मधलं आहे. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेला होता, मग २००९ ला दूरसंचार खात्याने सांगितलं की वापरणारा कोण ते कळलंच पाहिजे.

पण शहरभर वायफायचं खूळ त्याच्याही आधीचं, अमेरिकेतलं. २००४ ला फिलाडेल्फियाने जाहीर केलं की रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना वायफायचे डबे लावून सगळं शहर, म्हणजे साधारण १३५ चौरस मैल, वायफायखाली आणू. काम घेतलं अर्थलिंक कंपनीने. आता वायफाय म्हणजे दोन भिंती आडव्या आल्या की संपलं, त्यामुळे ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त डबे लागले, गिऱ्हाईक काही तेवढं आलं नाही आणि २००८ ला कंपनीने अंग काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोचं तर कागदावरच राहिलं.

आपल्याकडे जानेवारी २०१६ ला गुगल आणि रेलटेलने मुंबई सेंट्रलपासून सुरुवात केली, २०१८ पर्यंत ४०० स्टेशनं झाली. पण त्याच २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं ना! जळगावात जी पोरं १ जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरायची ती रोजचा १ जीबी दुपारपर्यंत उडवायला लागली, मग फुकट वायफायसाठी स्टेशनवर कोण जाईल? २०२० ला गुगलनेही डेटा स्वस्त झाला म्हणत गाशा गुंडाळला, स्टेशनांचं रेलटेलने चालू ठेवलं.

डिसेंबर २०२० ला केंद्राने पीएम-वाणी आणलं. यात चहाचा टपरीवालाही लायसन्सशिवाय वायफाय विकू शकतो, ५-१० रुपयांचं कूपन. आयडिया मला खांबांपेक्षा बरी वाटते, पण इंटरनेट कंपन्या टपरीवाल्याला घरगुती कनेक्शन सोडून महागडी लीज लाईन, म्हणजे धंद्यासाठीची वेगळी लाईन, घ्यायला लावायच्या, त्यात काय सुटणार? जून २०२५ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवलं की त्याच्याकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत.

जळगाव-धुळ्यात आता याची फार गरज नाही. गरज आहे ती धडगावकडे, सातपुड्यात, जिथे एका फोनसाठी लोक टेकडी चढतात. तिथे फायबर पोचली तर बाजारात एका टपरीचा राऊटरही चालेल, फक्त लाईट टिकली पाहिजे ना भो.