सॅन फ्रान्सिस्कोची चिनी प्रेस्बिटेरियन मंडळी : पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधील प्रेस्बिटेरियन चर्च ही उत्तर अमेरिकेतील पहिली चिनी प्रॉटेस्टंट मंडळी मानली जाते. नोव्हेंबर १८५३ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचे चिनी सभासद अवघे चार होते, आणि हे चौघेही अमेरिकेत येण्यापूर्वीच ख्रिस्ती झालेले होते. परक्या देशात मिशनऱ्यांनी बाटवलेल्या लोकांची मंडळी, अशी जी सर्वसाधारण समजूत असते, ती येथे आरंभालाच लागू पडत नाही.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. ‘गाम सान’ म्हणजे सोन्याचा डोंगर गाठण्यासाठी दक्षिण चीनमधील कँटन परिसरातील तरुण कर्ज काढून जहाजात बसले, आणि १८५२ या एकाच वर्षात सुमारे वीस हजार चिनी तेथे उतरले. त्याच वर्षी परदेशी खाणकामगारांवर महिना तीन डॉलरचा कर बसला. १८५४ मध्ये तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही असा निकाल दिला. मंडळीचे संस्थापक विल्यम स्पीअर हे काही वर्षे कँटनमध्ये मिशनरी होते व त्यांना तिथली भाषा येत होती. त्यामुळे ते उपदेशाबरोबरच दुभाषाचे कामही करत, कराविरुद्ध लिहीत, आणि १८५५ मध्ये त्यांनी इंग्रजी व चिनी अशा दोन भाषांतले वृत्तपत्रही काढले. पुढील काळात ऑगस्टस लूमिस यांनी तीन दशके हे काम सांभाळले. दिवसभर राबून संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्यांपैकी अनेकांना मुख्यतः इंग्रजी हवे होते. बाप्तिस्मा घेणारे त्यामानाने थोडे. माझ्या मते यात मिशनचे अपयश नाही, कारण ज्याची साक्षसुद्धा कोणी ऐकत नव्हते त्याला बोलण्याचे साधन येथे मिळत होते.

१८८२ च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली. स्त्रियांवरील निर्बंध त्याही आधीचे, १८७५ चे होते. १८९० च्या जनगणनेत देशातील सुमारे १,०७,००० चिनी लोकांमध्ये स्त्रिया चार हजारांहूनही कमी होत्या, आणि या विषमतेतूनच मुलींच्या खरेदी-विक्रीचा धंदा माजला होता. प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १८७४ मध्ये अशा मुलींसाठी आश्रयगृह काढले. डोनाल्डिना कॅमेरॉन तेथे १८९५ मध्ये आल्या आणि १९०० पासून त्याच्या प्रमुख झाल्या. या गृहाची शिस्त कडक होती, आणि चिनी संस्कृतीकडे पाहण्याची त्या काळच्या मिशनची दृष्टी बरीचशी वरून खाली पाहणारी होती, हेही नोंदवले पाहिजे. अशा मुलींपैकीच एक असलेल्या तिएन फू वू यांना लहानपणी वडिलांनी जुगाराच्या कर्जापायी विकले होते. या गृहात वाढल्यावर पुढे त्या स्वतःच कॅमेरॉन यांच्या दुभाषी आणि सर्वांत जवळच्या सहकारी झाल्या.

मंडळीतून तिची स्वतःची माणसेही उभी राहिली. १८८१ मध्ये अमेरिकेत आलेल्या इंग पून च्यू यांना १८९२ मध्ये पाळकाची दीक्षा मिळाली. १९०० मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘चुंग साय यात पो’ हे चिनी दैनिक सुरू केले आणि बहिष्कार कायद्याविरुद्ध देशभर व्याख्याने दिली.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत चायनाटाउन भस्मसात झाले. मुलींना सुरक्षित स्थळी नेल्यावर कॅमेरॉन त्यांच्या पालकत्वाचे कागद आणण्यासाठी आगीच्या तोंडावर असलेल्या त्या घरात पुन्हा शिरल्या, कारण ते कागद गेले असते तर जुन्या मालकांना मुलींवर हक्क सांगता आला असता. शहराचे जन्मदाखले मात्र जळाले, आणि त्याचा आधार घेऊन अनेक चिनी पुरुषांनी आपला जन्म येथलाच असल्याचे सांगत नागरिकत्व मिळवले व ‘कागदोपत्री मुलगे’, म्हणजे केवळ कागदावर आपले मुलगे म्हणून दाखवलेले तरुण, चीनमधून बोलावून घेतले.

आश्रयगृह सॅक्रामेंटो स्ट्रीटवर ९२० क्रमांकाच्या जागीच पुन्हा बांधले गेले. त्याच्या भिंतींत आगीने काळ्या पडलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या विटा वापरल्या आहेत, आणि त्या आजही बाहेरून दिसतात. १९४३ मध्ये बहिष्कार कायदा रद्द झाला तेव्हा चिनी लोकांसाठी ठरलेला स्थलांतराचा वार्षिक कोटा केवळ १०५ होता. कुटुंबांना मोठ्या संख्येने येता आले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतरच.