किचनच्या कपाटावरचा चिकट थर म्हणजे अर्धवट वाळलेला रंगच

जुनं किचन नवंकोरं करायचे व्हिडिओ सध्या पोत्याने सापडतात. कोणीतरी मस्त रोलर फिरवतंय, मागे म्युझिक, आणि खाली लिहिलेलं की घासायची गरज नाही, प्रायमर नको, शनिवारी सुरू करा आणि रविवारी स्वयंपाक. रंग छान दिसतो, त्यात वाद नाही. पण सहा महिन्यांनी तेच शटर, म्हणजे कपाटाचं दार, हँडलजवळ कसं दिसतं ह्याचा व्हिडिओ कोणी टाकत नाही. तिथे नख लावलं की रंग कांद्याच्या सालीसारखा सुटून येतो, मग रंगाला शिव्या, दुकानदाराला शिव्या, पेंटरला शिव्या. खरा गुन्हेगार असतो रंगाच्या खाली, आणि त्याचं रसायनशास्त्र मला इतकं आवडतं की कपाटं हे निव्वळ निमित्त आहे असं समजा.

गॅसच्या वर जे कपाट असतं त्याच्या वरच्या कडेवर बोट फिरवून बघा. पिवळट-तपकिरी, चिकट, धूळ धरलेलं काहीतरी हाताला लागेल. त्याला आपण सरसकट "तेलकट" म्हणतो, पण ते तेल असतं तर साबणाने एका फटक्यात निघालं असतं. ते निघत नाही, कारण ते आता तेल राहिलेलंच नाही. फोडणी घातली, पुऱ्या तळल्या, की तेलाचे अतिबारीक थेंब वाफेबरोबर उडतात आणि शटरवर पातळ थर बनून बसतात. पातळ थर, वर भरपूर हवा, खालून गॅसची ऊब, आणि हाताशी काही वर्षं. ऑइल पेंटला वाळायला नेमकं हेच लागतं, म्हणजे आपण रोज थोडा थोडा रंगच देत असतो कपाटाला, फक्त तो फार वाईट प्रतीचा असतो आणि त्यात हळद असते.

आता शाळेतलं थोडं आठवा. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा एक कणा आणि त्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या. साखळीत कार्बन-कार्बन दुहेरी बंध किती, ह्यावर पुढचं सगळं नाटक ठरतं. ओलेइक ॲसिडमध्ये एक, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. जिथे दोन दुहेरी बंधांच्या मधोमध एक कार्बन अडकलेला असतो, त्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल बसलेला असतो. साध्या साखळीतला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे साधारण 98 किलोकॅलरी लागतात, ह्या मधल्या जागी 75 ते 80 मध्ये काम होतं. हा हायड्रोजन निघाला की मागे उरतो एक रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला कार्बन, आणि तो हवेतला ऑक्सिजन लगेच पकडतो. झाला पेरॉक्सी रॅडिकल. हा शेजारच्या साखळीतला तसाच सैल हायड्रोजन हिसकावतो, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत बसतो, पण शेजारी आता नवा रॅडिकल तयार झालेला असतो, तो परत ऑक्सिजन पकडतो, परत शेजाऱ्याकडे हात घालतो. हायड्रोपेरॉक्साइडही फार काळ शांत बसत नाही, त्याचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कमकुवत असतो, तो फुटला की एकाचे दोन रॅडिकल होतात आणि वेग वाढत जातो. असे भटके रॅडिकल एकमेकांना भेटले की जोडले जातात, म्हणजे दोन वेगळ्या तेलाच्या रेणूंमध्ये पूल तयार होतो, कधी कार्बन-कार्बन असा, कधी मध्ये ऑक्सिजन घेऊन. असे पूल वाढत गेले की सुटे रेणू संपतात आणि सगळा थर मिळून एकच भलंमोठं जाळं होतं. ह्याला ऑटोऑक्सिडेशन म्हणतात. ज्यांचा इथे धागा सुटला असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल: तेल हवेतला ऑक्सिजन खातं आणि घट्ट होतं.

म्हणून "ऑइल पेंट वाळतो म्हणजे त्यातलं काहीतरी उडून जातं" हे अर्धंच खरं. टर्पेंटाइन उडतं, बरोबर, पण ते पहिल्या काही तासांचं काम. नंतरचं खरं वाळणं म्हणजे ऑक्सिजन आत घेणं. जवसाच्या शुद्ध तेलाचा पातळ थर काचेवर लावून वजन करत राहिलात तर वाळताना वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, दहा टक्क्यांच्याही वर.

कुठलं तेल किती वाळेल ह्याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो, म्हणजे 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पकडतं ते. आयोडीन दुहेरी बंधांवर जाऊन बसतं, म्हणून जितके बंध जास्त तितका आकडा मोठा. जवस साधारण 170 ते 200, करडई 135 ते 150, सोयाबीन आणि सूर्यफूल 120 ते 140 च्या आसपास, शेंगदाणा 85 ते 105, आणि खोबरेल फक्त 10 च्या आत-बाहेर. आता हे आपल्या घरांना लावून बघा. सूर्यफूल किंवा सोयाबीन वापरणाऱ्या घरात हा थर काही वर्षांत कडक, पारदर्शक, वार्निशसारखा होतो. शेंगदाण्याच्या तेलाचं जाळं विरळ, ते वर्षानुवर्षं चिकटच राहतं आणि धूळ गोळा करतं. बिडाच्या तव्यावर आपण तेल तापवून जो काळा तुकतुकीत थर मुद्दाम बसवतो तोही नात्यातलाच, फक्त तिथे उष्णता कित्येक पट जास्त, म्हणून वर्षांचं काम तासाभरात होतं.

बाजारातला इनॅमल, ज्याला आपण सरळ ऑइल पेंट म्हणतो, तो बहुतेक वेळा अल्किड असतो. तेल, ग्लिसरॉलसारखं अल्कोहोल आणि थॅलिक ॲनहायड्राइड एकत्र शिजवून बनवलेलं रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. त्यात सोयाबीन किंवा जवसाच्याच साखळ्या असतात आणि रिॲक्शन जोरात चालावी म्हणून कोबाल्टसारख्या धातूचा ड्रायर घातलेला असतो. कोबाल्ट हायड्रोपेरॉक्साइड फोडत बसतो, स्वतः मात्र संपत नाही. डब्याचं झाकण नीट लागलं नाही की रंगावर साय धरते, ती पण हीच. आणि पावसाळ्यात काम उरकायची घाई असली की "थोडा ड्रायर जास्त टाका" म्हणतात ना, त्याने नेमकं उलटं होतं. वरचा पापुद्रा पटकन आवळतो, खाली ऑक्सिजन पोचतच नाही, आतला रंग मऊ राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. जाड एकच हात मारला तरी हेच. दोन पातळ हात द्या, मध्ये पूर्ण वेळ जाऊ द्या.

तर आता मूळ मुद्दा. ह्या चिकट थरावर नवा रंग दिला तर तो सनमायकाला चिकटत नाही, चिकटतो त्या मळाला, आणि मळ स्वतः नीट कशालाच चिकटलेला नसतो. शिवाय द्रव कुठल्याही पृष्ठभागावर तेव्हाच पसरतो जेव्हा त्याचा पृष्ठताण त्या पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा कमी असतो. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलीन्यूटन प्रति मीटर, तेलकट पृष्ठभागाची ऊर्जा तीसच्या आसपास, सिलिकॉनचा पॉलिश स्प्रे मारत असाल तर वीसच्या घरात. म्हणून अशा शटरवर पाण्याचे गोल गोल थेंब उभे राहतात आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. धुतल्यावर एक थेंब टाकून बघा. पसरला तर पुढे जा, मणी होऊन बसला तर परत धुवा.

धुवायचं कशाने? इथे मला त्या बेकिंग सोडा आणि व्हिनेगरवाल्यांशी भांडायचंय. एक अल्कली, एक ॲसिड, दोघं एकमेकांना मारतात, फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे राहतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. फेस बघायला भारी वाटतो म्हणून व्ह्यूज मिळतात, मळ आहे तिथेच राहतो. कामाचा आहे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, कोमट पाण्यात. जाळ्यातले ऑक्सिजनचे पूल तो तोडू शकत नाही, पण ग्लिसरॉल आणि फॅटी ॲसिड जोडणारे एस्टर बंध तोडतो. साबण बनवताना जे होतं तेच इथे. तुटलेली टोकं पाणी ओढतात, जाळं फुगतं आणि खरवडलं की लगदा होऊन निघतं. त्याला वेळ लागतो, म्हणून सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं शटरवर चिकटवून ठेवा. हातात ग्लोव्ह्ज घाला, आणि ॲल्युमिनियमच्या हँडल-पट्ट्यांना लागू देऊ नका, त्या काळ्या पडतात. नंतर साध्या पाण्याने अगदी नीट पुसून काढा, कारण सोडा मागे राहिला तर तो तुमच्या नव्या अल्किडचेही एस्टर तोडायला लागेल. ताज्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर ऑइल पेंट चिकट होऊन सुटतो तो ह्याच भानगडीने.

धुतलं म्हणजे झालं असंही नाही. सनमायकाचा वरचा थर म्हणजे मेलामाइन रेझिनमध्ये मुरलेला कागद, तो आधीच पूर्ण जाळं झालेला, त्यात रंगाच्या साखळ्यांना शिरायला जागाच नाही. म्हणून 180 ते 220 नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, चमक जाईपर्यंत, बस. जास्त घासलंत तर खालचा तपकिरी कागद दिसायला लागतो, आख्खी शीटच जेमतेम 0.8 ते 1 मिलीमीटर जाडीची असते. मग चांगला चिकटणारा प्रायमर. कपाट लाकडाचं असेल आणि वर जुना ऑइल पेंट असेल, विशेषतः पिवळा, लाल किंवा हिरवा, तर कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पाणी लावून घासा, मुलांना लांब ठेवा, चिखल ओल्या फडक्याने गोळा करा.

पांढरा ऑइल पेंट द्यायचा विचार असेल तर एक गंमत माहीत असू द्या. तो अंधारात जास्त पिवळा पडतो. शटरची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पिवळी दिसते ती त्यामुळे, उजेडात तो पिवळेपणा बराचसा उडतो. आग्नेय कोपऱ्यातल्या कपाटाला कुठला रंग "लाभतो" हे सांगणारे भरपूर भेटतील. ऑक्सिजनला दिशा कळत नाही, खिडकी कुठे आहे हे मात्र रंगाला नक्की कळतं.

पाण्यातल्या ॲक्रिलिक इनॅमलला हा पिवळेपणाचा त्रास जवळजवळ नाही. त्याचं वाळणं वेगळं, पाणी उडतं, पॉलिमरचे बारीक गोळे एकमेकांवर दाबले जाऊन मिसळतात. दमट हवेत पाणी उडायला उशीर लागतो आणि सुरुवातीला थर मऊ असतो, म्हणून घाईने बंद केलेलं शटर फ्रेमला चिकटून बसतं. मी स्वतः किचनसाठी हाच घेईन, वास कमी म्हणूनही.

ऑइल पेंट किंवा जवसाचं तेल वापरलंत तर पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वर सांगितलेली सगळी रिॲक्शन उष्णता सोडते, आणि बोळ्यात ती बाहेर पडू शकत नाही. 1991 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा ह्या 38 मजली इमारतीला आग लागली ती जवसाच्या तेलाने भिजलेल्या फडक्यांमुळे. तीन अग्निशामक जवान गेले. फडकी पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तयार झाला असं नाही, पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. खात्री करायची असेल तर महिन्याभराने आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, ब्लेडने आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून चौकटी पाडा, वर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटी जागेवर राहिल्या तर काम पक्कं. तोपर्यंत ओल्या मऊ फडक्यावर भागवा, आणि शटरवर कॅलेंडर किंवा दुधाच्या हिशोबाचा कागद चिकटवू नका.