खंड्या ५ मिलिमीटरचा, वाघ ५४ मिलिमीटरचा

पक्षी टिपण्यासाठी किती मिमीची लेन्स घ्यावी, हे नवे छायाचित्रकार सहसा दुकानदाराला विचारतात. खरे तर त्याचे उत्तर शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांत आहे. दूरच्या वस्तूची सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) पडणारी प्रतिमा म्हणजे वस्तूची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), भागिले वस्तूपर्यंतचे अंतर. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १७ सेंमी भरतो. तो २० मीटरवर बसला असेल, तर त्याची प्रतिमा ४०० मिमीच्या लेन्समधून ३.४ मिमी आणि ६०० मिमीच्या लेन्समधून ५.१ मिमी लांब उमटते. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे नवख्यांच्या फोटोंत पक्ष्यापेक्षा फांदीच जास्त का दिसते, याचा उलगडा होतो. ताडोब्यात मात्र तेवढ्याच अंतरावर वाघ आडवा उभा राहिला, तर त्याचे शेपटी वगळून सुमारे १.८ मीटरचे शरीर ६०० मिमीला ५४ मिमीचे होते आणि चौकटीत मावतच नाही. अशा वेळी २०० मिमी पुरते. वाघ आणि पक्षी दोन्ही हवे असतील तर झूमला, म्हणजे फोकल लेंथ कमीजास्त करता येणाऱ्या लेन्सला, पर्याय नाही, शिवाय सफारीच्या धुळीत उघड्या जिप्सीत लेन्स बदलण्याची वेळ येत नाही हा फायदा वेगळाच.

एपीएस-सी या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स ६०० मिमीची होते, असे सर्रास सांगितले जाते. प्रतिमा एका केसानेही मोठी होत नाही. सेन्सर लहान असल्यामुळे तिच्या कडा कापल्या जातात, इतकेच. खरा फरक पिक्सेलच्या, म्हणजे सेन्सरवरच्या प्रकाश टिपणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या, आकाराने पडतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर तितक्याच मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमचा सुमारे ५.९ मायक्रॉनचा असतो. त्यामुळे आपला ५.१ मिमीचा खंड्या पहिल्यावर सुमारे १३०० पिक्सेल व्यापतो आणि दुसऱ्यावर ८६०. ज्यांना पक्षीच टिपायचे आहेत, त्यांनी कमी प्रकाशातल्या गुणवत्तेची थोडी तडजोड करून लहान सेन्सर घेण्यात काही कमीपणा नाही.

पैसा आणि वजन खाणारी गोष्ट म्हणजे अपर्चर. एफ/४ या आकड्याचा अर्थ असा, की फोकल लेंथला चाराने भागले की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ६०० मिमीच्या एफ/४ लेन्सला त्यामुळे १५० मिमी व्यासाची काच लागते आणि तिचे वजन ३ किलोच्या आसपास जाते, एफ/६.३ ला ९५ मिमी पुरतात आणि १५०-६०० सारखी झूम सुमारे २ किलोत बसते. मोठी लेन्स अडीच पट प्रकाश घेते. सूर्य जंगलावर यायच्या आधी, जिथे एफ/४ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ने भागते, तिथे एफ/६.३ ला तोच शटर स्पीड (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) राखण्यासाठी ४००० पर्यंत जावे लागते. उलट, १० मीटरवरच्या पक्ष्यासाठी ६०० मिमी एफ/४ ची तीक्ष्णतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढे स्पष्ट दिसते तेवढे अंतर, अवघी ६ ते ७ सेंमी असते; पक्षी तिरपा बसला की डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर. पहाटेच्या जंगलात नेमाने जाणारे सोडले, तर बहुतेकांसाठी एफ/६.३ ची झूमच शहाणपणाची, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावर १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवून फोकल लेंथ वाढवणारा जोड) लावण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने प्रकाश निम्मा होतो आणि अपर्चर एफ/९ च्या घरात जाते. तिथे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सुमारे १२ मायक्रॉनच्या चकतीएवढा पसरतो, म्हणजे वर सांगितलेल्या लहान पिक्सेलपैकी तिनांवर. पक्षी मोठा दिसतो, पण पिसांचा तपशील त्या प्रमाणात वाढत नाही. लेन्समधील स्थिरीकरणाची मर्यादाही ओळखून असावे: ते हाताची थरथर सावरते, पंखांची फडफड नव्हे. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड लागतोच.

रंगदोष हा लांब लेन्सचा जुना आजार आहे. काच निळा आणि तांबडा प्रकाश सारख्याच ठिकाणी एकत्र आणत नाही आणि फोकल लेंथ वाढते तशी ही तफावतही वाढते. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार दिसते ती यामुळेच. कॅननने १९६९ साली एफएल-एफ ३०० मिमी लेन्समध्ये कृत्रिम फ्लोराइटचे स्फटिक वापरून यावर उपाय केला. आज कमी अपस्करणाच्या, म्हणजे रंग कमी विखुरणाऱ्या, खास काचा मध्यम किमतीच्या लेन्समध्येही असतात, त्यामुळे याची फार चिंता करू नये.

हवेवर मात्र कोणत्याच किमतीची लेन्स उपाय करू शकत नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर सकाळी रोहित पक्ष्यांचे थवे १०० मीटरवरूनही रेखीव येतात. ऊन चढले की वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे थर एकमेकांत मिसळू लागतात, प्रत्येक थर प्रकाश थोडा वेगळा वाकवतो, आणि त्याच लेन्समधून तेच पक्षी पाझरल्यासारखे दिसतात. लेन्स जितकी लांब, तितकी ही थरथर मोठी होऊन दिसते. अंतर निम्मे केले तर प्रतिमा दुप्पट होते आणि मधली हवाही निम्मी होते. म्हणून पक्ष्यांना न बिचकवता होडी जवळ नेणारा अनुभवी नावाडी ६०० मिमीच्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगाचा ठरतो. होडीत तिपाई ठेवून फायदा नाही, कारण ती होडीबरोबरच हलते; तिथे हातात पेलणारी लेन्सच कामाची.

जुनी लेन्स घेत असाल, तर एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च लावून दुसऱ्या टोकातून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती झपाट्याने पसरते. ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटचा खर्च लेन्सच्या किमतीतच धरावा.