ओडाचं चॅपल, डिअरहर्स्ट

इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये सेव्हर्न नदीकाठी डिअरहर्स्ट नावाचं लहानसं गाव आहे, तिथलं हे दोन खोल्यांचं दगडी प्रार्थनाघर. बांधलं १०५६ साली, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्या फक्त १० वर्षं आधी. अँग्लो-सॅक्सन इमारतीचं अगदी नेमकं साल कळणं फार क्वचित, इथे ते तारखेसकट कळतं.

ओडा हा राजा एडवर्ड द कन्फेसरचा नातलग आणि मोठा सरदार. त्याचा भाऊ एल्फ्रिक डिसेंबर १०५३ मध्ये इथेच डिअरहर्स्टला वारला, त्याच्या आत्म्यासाठी ओडाने हे बांधून घेतलं. १२ एप्रिल १०५६ ला बिशप एल्ड्रेडने त्याचं अर्पण केलं, हाच एल्ड्रेड पुढे यॉर्कचा आर्चबिशप झाला आणि इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमला मुकुटही त्यानेच घातला. ओडा मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला, भावासाठी बांधलेलं चॅपल त्याला जेमतेम साडेचार महिने बघायला मिळालं.

हे सगळं कळतं ते एका लॅटिन शिलालेखामुळे. १६७५ मध्ये जवळच्या फळबागेत तो दगड सापडला, त्यावर ओडाचं नाव, भावाचं नाव, बिशप, तिथी सगळं कोरलेलं आहे, आणि गंमत म्हणजे इमारतीला त्यात चॅपल नाही तर ‘राजेशाही दालन’ अशा अर्थाचे शब्द वापरलेत. मूळ दगड ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे, चॅपलमध्ये त्याची प्रत.

पण दगड सापडला तरी चॅपल कुठेय ते कोणालाच माहीत नव्हतं! ते होतं तिथेच, ॲबट्स कोर्ट नावाच्या शेतघराच्या पोटात. लोकांनी मधल्या काळात त्याला लाकडी चौकटीचं घर जोडलं, मोठ्या खोलीचं स्वयंपाकघर केलं, भिंतींना गिलावा लावला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे चूल पेटत राहिली. १९व्या शतकात दुरुस्ती करताना गिलाव्याखालून जुनं बांधकाम दिसलं, मग गावचे पाद्री जॉर्ज बटरवर्थ यांनी शिलालेखाशी धागा जुळवला.

रचना अगदी साधी. पुढे लोकांची खोली, मागे वेदीची त्याहून लहान, दोन्हींच्या मध्ये अर्धगोल कमान. रुंदीच्या मानाने भिंती चांगल्याच उंच. कोपऱ्यांकडे नीट बघा, एक लांब दगड उभा, त्यावर एक आडवा, परत उभा, परत आडवा, ही सॅक्सन गवंड्यांची खास पद्धत. खिडक्या वर आणि छोट्या, आतून-बाहेरून दोन्हीकडे पसरट होत जाणाऱ्या, त्यामुळे एवढ्याशा भोकातूनही उजेड आत चांगला पसरतो.

आता देखभाल इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, लाकडी घर अजूनही चॅपलला चिकटूनच उभं आहे. चालत काही मिनिटांवर सेंट मेरीचं त्याहून जुनं सॅक्सन चर्च आहे, तेही बघायलाच हवं.