वॉलआय की सॉगर? लेक ऑफ द वूड्सला जाण्याआधी हे ठरवा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसहून पाचेक तास गाडी चालवून बॉडेट गावाला पोचायचं आणि कॅनडाच्या हद्दीवरच्या लेक ऑफ द वूड्स या तलावावर वॉलआय नावाचे मासे धरायचे, असा बेत ठरला की बहुतेक जण आधी राहण्याची सोय बघतात, मग होडी, मग गळ आणि आमिष. माझा आग्रह आहे की सगळ्यात आधी तलावात कोणते मासे आहेत ते बघा. कारण या तलावात वॉलआयच्या जोडीला सॉगर हा त्याचा जवळचा नातलग मासाही भरपूर आहे. दोन्ही दिसायला इतके सारखे, की नवख्याला फरकच कळत नाही. तरी दोघांची राहण्याची जागा आणि खाण्याची वेळ वेगळी आहे, आणि नियमही दोघांना सारखे नाहीत. अनोळखी तलावावर दिवस फुकट जातो किंवा दंड भरावा लागतो, तो बऱ्याचदा इथेच.

दोन्ही मासे पर्च कुळातले, एकाच प्रजातीसमूहाचे. काहीजण वॉलआयला पाईक म्हणतात, पण पाईक हा वेगळ्याच कुळातला मासा, त्याच्याशी वॉलआयचं काही नातं नाही. मासा होडीत आला की आधी पाठीवरचा पुढचा काटेरी पर उघडून उजेडात धरा. सॉगरच्या परावर काळ्या गोल ठिपक्यांच्या स्पष्ट ओळी असतात. वॉलआयच्या परावर तसे ठिपके नसतात. फक्त पराच्या मागच्या टोकाला, मुळाशी, एक मोठा काळा डाग असतो. मग शेपटी बघा. खालच्या टोकाला ठसठशीत पांढरा भाग असेल तर तो वॉलआय. सॉगरच्या शेपटीला फार तर खालच्या कडेने एक बारीक फिकट रेघ असते. सॉगरच्या गालावरून बोट फिरवलं तर खवल्यांमुळे खरखरीत लागतं, वॉलआयचा गाल त्यामानाने गुळगुळीत.

अंगावरच्या रंगावर मात्र विसंबू नका. सॉगरच्या पाठीवरून बाजूंवर उतरणारे गडद पट्टे असतात हे खरं, पण लहान वॉलआयच्या अंगावरही तसे पट्टे दिसतात, आणि गढूळ पाण्यातले मासे एरवीपेक्षा वेगळ्याच छटेचे होतात. शिवाय या दोघांचा संकरही होतो, त्याला सॉगआय म्हणतात. त्याच्यात दोन्हीकडच्या खुणा मिसळलेल्या असतात. आकाराने सॉगर लहान. पंधरा इंचांचा सॉगर मिळाला तर चांगला मिळाला म्हणायचं. वॉलआय त्याहून बराच वाढतो. मिनेसोटाचा विक्रमी वॉलआय १९७९ साली सीगल नदीत मिळाला, साडेसतरा पौंडांचा.

सहलीचं गणित खरं बदलतं ते डोळ्यांमुळे. दोघांच्याही डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून रात्री टॉर्च मारला की ते मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात. सॉगरच्या डोळ्यात हा थर जास्त पसरलेला असतो. त्यामुळे गढूळ, खोल, अंधाऱ्या पाण्यात त्याला वॉलआयपेक्षा चांगलं दिसतं. वॉलआय सकाळी आणि संध्याकाळी उथळ भागात, खडकांच्या आणि वाळूच्या कडेने शिकार करतो आणि ऊन चढलं की खाली सरकतो. सॉगर दिवसभर खोल चिखलाच्या तळाशी असतो आणि भर दुपारीही खातो.

लेक ऑफ द वूड्सचा मिनेसोटाकडचा दक्षिण भाग म्हणजे मोठं उघडं पाणी, खोली फार तर तीस-पस्तीस फूट, तळ बहुतांशी सपाट. पाणी चहाच्या रंगाकडे झुकणारं असल्यामुळे इथे वॉलआयही दिवसा खातो, आणि ही इथली मोठी सोय आहे. उलट मिल लॅक्स या मिनेसोटातल्याच दुसऱ्या तलावाचं पाणी, ते गाळून घेणारे झेब्रा शिंपले आल्यापासून, खूप निवळलंय; तिथे वॉलआयसाठी संधिप्रकाश, रात्र किंवा लाटा उठवणारा वारा गाठावा लागतो. मिल लॅक्सचा अनुभव घेऊन उत्तरेला गेलात तर तो जसाच्या तसा वापरू नका.

म्हणून घरी बसूनच मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं लेकफाइंडर हे तलावांच्या माहितीचं संकेतस्थळ उघडा. बऱ्याच तलावांचे खोलीचे नकाशे, जाळी टाकून केलेल्या पाहणीत प्रत्येक जातीचे किती मासे सापडले आणि पाणी किती नितळ आहे, हे सगळं तिथे फुकट मिळतं. पाहणीत सॉगर भरपूर दिसला तर दिवसाची आखणी अशी करा: पहाटे आणि दिवस मावळताना उथळ कडा वॉलआयसाठी, मधले तास खोल चिखलावर सॉगरसाठी. आमिष दोघांना एकच चालतं. सोनेरी जिगला (डोक्याशी वजन असलेल्या गळाला) गोठवलेला एमराल्ड शायनर हा छोटा मासा लावून तळाजवळ हलवत राहणं ही इथली रुळलेली पद्धत. सॉगरसाठी जिग तळाला टेकवून थोडी माती उडवली तर तो जवळ येतो.

नियमांकडे नीट लक्ष द्या. मिनेसोटाच्या बाजूला वॉलआय आणि सॉगर मिळून एका माणसाला सहा मासे ठेवता येतात, त्यात वॉलआय चारपेक्षा जास्त नकोत. साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय परत सोडायचा, आणि अठ्ठावीसच्या वरचा एकच ठेवता येतो. सॉगरला ही लांबीची अट नाही. म्हणजे पाचवा वॉलआय सॉगर समजून डब्यात टाकलात तर तो गुन्हा ठरतो, ‘ओळखता आला नाही’ म्हणून सुटका होत नाही. माशाचे तुकडे करून नेताना खवल्यांसकट चामडीचा भाग ठेवावा लागतो, तोही जात ओळखता यावी म्हणूनच. आकडे बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा. हा तलाव कॅनडाच्या ऑन्टारिओ आणि मॅनिटोबा प्रांतांतही पसरलेला आहे. हद्द ओलांडून गळ टाकायचा तर तिकडचा वेगळा परवाना लागतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तीस फुटांहून खोल पाण्यातून मासा झपाट्याने वर काढला की दाब कमी होऊन त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि सोडलेला मासाही पुष्कळदा जगत नाही. खोल चिखलावर सॉगर धरताना मधेच बावीस-चोवीस इंची वॉलआय लागू लागले तर ते ठेवता येत नाहीत, आणि सोडून वाचतीलच याची खात्री नाही. अशा वेळी होडी हलवा, वीस-पंचवीस फुटांवर या. तिथे सॉगर थोडे कमी मिळतील, पण अंड्यांवर येणाऱ्या मोठ्या माद्या धडपणे परत पाण्यात जातील.