गाठीत भर, रक्तात तूट: मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि मेदाच्या खुणा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्ततपासणी म्हटली की आजही आधी सीईए या रक्तातल्या प्रथिनाचं नाव निघतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये ते शोधलं. शस्त्रक्रियेनंतर आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, हे बघायला ते उपयोगी पडतं. पण गाठ लहान असताना ते बऱ्याचदा नॉर्मलच येतं. त्यामुळे दुसऱ्या खुणांचा शोध सुरू राहिला आणि त्यातली एक वाट मेदाच्या चयापचयाकडे गेली. ही वाट सरळ मात्र नव्हती.

गाठीच्या बाजूने बघितलं तर चित्र सोपं वाटतं. ग्रेस मेडीस, सिडनी वाइनहाउस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये गाठींच्या पातळ कापांना किरणोत्सारी कार्बन असलेलं ग्लुकोज आणि अ‍ॅसिटेट दिलं. तो कार्बन फॅटी अ‍ॅसिडमध्ये उतरलेला सापडला. म्हणजे गाठ स्वतःच मेद बनवत होती. पुढे १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या फ्रान्सिस कुहाज्दांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगातल्या एका जुन्या खुणेची ओळख पटवली: ते फॅटी अ‍ॅसिड बनवणारं एन्झाइम, एफएएसएन निघालं. तीनच वर्षांत ते आतड्याच्या गाठींत, आणि त्याआधीच्या, अजून कर्करोग न झालेल्या गाठींत म्हणजे अ‍ॅडेनोमातही, वाढलेलं दिसलं.

रक्ताने मात्र सगळ्यांना चकवलं. चरबीयुक्त आहाराने हृदयविकार होतो आणि आतड्याचा कर्करोगही, तेव्हा या रुग्णांचं कोलेस्टेरॉल चढंच असणार, असा १९७० च्या दशकातला अंदाज होता. जेफ्री रोझ, अ‍ॅन्सेल कीज आदींनी हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासांतल्या नोंदी चाळल्या. पुढे ज्यांना हा कर्करोग झाला, त्यांचं आधीचं कोलेस्टेरॉल अपेक्षेपेक्षा कमी होतं! १९७४ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि वाद पेटला: कमी कोलेस्टेरॉल हे कारण, की लपलेल्या गाठीचा परिणाम? परिणामाकडे बऱ्याच जणांचा कल होता, आणि मला तरी तो पटतो.

मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंना वजनावरून ओळखायचं तंत्र, आल्यावर एकेक रेणू मोजता येऊ लागला, तरी तुटीचीच गोष्ट पुढे चालली. २००७ मध्ये रुग्णांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाचे काही मेद कमी आढळले. २०१० मध्ये कॅनडातल्या सॅस्काटूनच्या संशोधकांनी अतिलांब साखळीच्या फॅटी अ‍ॅसिडचा एक गट घटलेला दाखवला. त्यातली मेख अशी की गाठ काढल्यावरही पातळी पूर्ववत होईना. म्हणजे इथे घट गाठीमुळे नसून आधीपासूनचीच असावी. रोझ यांच्या वेळचा वाद इथे बरोबर उलटा फिरला.

एफएएसएनही एका सुरात बोलत नाही. बॉस्टनच्या शुजी ओगिनो यांच्या २००८ च्या अभ्यासात ते जास्त असलेल्या, पण वजन फार जास्त नसलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी होते. वजन जास्त असलेल्यांत मात्र उलटा कल दिसला.

रक्तातला मेद उपास, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं, मधुमेह, लठ्ठपणा या सगळ्यांनी हलतो. म्हणूनच त्याची चाचणी अजून रोजच्या वापरात रुळलेली नाही. लक्षणं नसलेल्यांच्या चाळणीसाठी (स्क्रीनिंगसाठी) मलातलं रक्त शोधणारी चाचणी आणि कोलोनोस्कोपी यांच्यावरच मुख्य भिस्त आहे. ऊतीत हा गोंधळ कमी, कारण शेजारची निरोगी ऊती त्याच रुग्णाची असते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये झोल्तान ताकाच यांनी नेमका याचाच फायदा घेतला. विजेच्या चाकूने कापताना जो धूर निघतो, तो नळीने थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ओढायचा, आणि त्यातल्या फॉस्फोलिपिडवरून (पेशींच्या आवरणातल्या मेदांवरून) चाकू गाठीत आहे की निरोगी भागात, हे काही सेकंदांत सांगायचं. २०१३ मध्ये शस्त्रक्रियागृहातले निकाल प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी हेच तंत्र एंडोस्कोपला (शरीराच्या आत बघायच्या नळीला) जोडून आतड्याच्या आतही वापरून बघितलं गेलं.